राज्ये पालटली, रयत तीच
(मोझांबिक देशाच्या इतिहासावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या देशाविषयी मी बोलणार आहे, तो नकाशावर बोट ठेवून चटकन दाखविणे आपल्यापैकी पुष्कळांना जड जाईल. परंतु आपल्या बाजारात येणाऱ्या तुरीत त्या देशाच्या शेतातील तूर असते आणि गोव्यातील कित्येक घराण्यांच्या आठवणींत त्याचे नाव आजही घेतले जाते. तो देश म्हणजे मोझांबिक. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मादागास्कर बेटासमोर तो पसरलेला आहे. त्याचा किनारा सुमारे अडीच हजार किलोमीटर लांब आहे, क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या अडीचपटीहून थोडे अधिक आहे आणि लोकसंख्या तीन कोटींच्या पुढे गेली आहे.

‘राजा कालस्य कारणम्’ असे आपल्याकडे म्हटले जाते. राजा जसा, तसा काळ. हे वचन खरे मानले, तर राजा पालटला की काळही पालटावयास हवा. मोझांबिकने एका माणसाच्या हयातीत परकीयांची राजवट पाहिली, क्रांतिकारकांची एकपक्षीय सत्ता पाहिली आणि निवडणुकांचे राज्यही पाहिले. मग तेथील शेतकऱ्याचा काळ किती पालटला? हाच आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

प्रारंभ आपल्याच समुद्रापासून करू. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला, त्यापूर्वी त्याची गलबते मोझांबिकच्या बेटाशी थांबली होती. पुढे पोर्तुगिजांनी त्या बेटावर किल्ला बांधला आणि हिंदुस्थानच्या वाटेवरील मुक्कामाचे ठाणे म्हणून ते धरून ठेवले. सन १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार लिस्बनहून थेट चालत नव्हता. तो गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. दीव-दमणचे व्यापारी तेथे कापड नेत आणि हस्तिदंत आणीत. झांबेझी नदीच्या खोऱ्यात पोर्तुगीज सत्तेने ज्या मोठाल्या जहागिरी वाटल्या, त्यांतील काही गोव्याच्या मंडळींच्या हाती गेल्या. एकोणिसाव्या शतकात गोरोंगोझा भागात मानुएल आंतोनियो द सौझा नावाच्या जहागीरदाराचा दरारा होता. तो जन्माने गोव्याचाच होता आणि स्वतःची फौज बाळगून होता. ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी नव्हे, पण ती लपविण्याचेही कारण नाही. त्या किनाऱ्यावरून माणसांचा व्यापार झाला. आफ्रिकेची माणसे ब्राझीलला आणि हिंदी महासागरातील फ्रेंच बेटांवर विकली गेली, आणि त्या व्यवहारात केवळ गोऱ्यांचेच हात गुंतलेले नव्हते.

देशाच्या सरहद्दी कशा ठरल्या, तेही ऐकण्यासारखे आहे. पोर्तुगालच्या मनात अंगोलापासून मोझांबिकपर्यंत एकसलग पट्टा हवा होता. इंग्रजांना तो मार्गात आडवा येत होता. जानेवारी १८९० मध्ये इंग्लंडने निर्वाणीचा खलिता धाडला, पोर्तुगालने माघार घेतली आणि १८९१ च्या तहाने रेषा आखल्या गेल्या. त्या रेषांखाली कोण राहतो, कोणती भाषा बोलतो आणि कोणाचे सोयरे पलीकडे आहेत, हे कोणी विचारले नाही. उत्तरेत रोवुमा नदीच्या दोन्ही तीरांवर माकोंडे लोक राहतात. त्यांची एक शेजघरे या राज्यात आणि दुसरी त्या राज्यात गेली. सरहद्दीवर राहणाऱ्या श्रोत्यांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

रेषा आखल्या तरी आतला मुलूख जिंकावयाचा राहिलाच होता. दक्षिणेत गाझा राज्याचा राजा न्गुन्गुन्यान १८९५ मध्ये पकडला गेला आणि दूर आझोर बेटांवर नेला गेला. तेथेच १९०६ मध्ये त्याचा अंत झाला. जिंकलेला मुलूख चालविण्यास पोर्तुगालपाशी पैसा नव्हता. म्हणून मध्य आणि उत्तर भागांतील विस्तीर्ण प्रांत खासगी कंपन्यांना सनदेने देऊन टाकले. कंपनीने कर घ्यावा, कंपनीनेच पोलीस ठेवावा आणि कंपनीनेच माणूस वेठीस धरावा, अशी व्यवस्था झाली. या वेठबिगारीला तेथे ‘शिबालो’ म्हणत. १९३८ पासून शेतकऱ्यांवर कापूस पेरण्याची सक्ती झाली. कापसाचा भाव सरकार ठरवी आणि ज्या शेतात घरचे धान्य यावयाचे, तेथे कापसाची बोंडे उभी राहत. दक्षिणेतील पुरुष ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींत जात. त्यांच्या मजुरीचा काही भाग रोखून ठेवला जाई आणि पोर्तुगीज सरकारला तो सोन्याच्या रूपाने पोहोचे. मजूर जमिनीखाली खपत असे आणि सोने लिस्बनच्या तिजोरीत जाऊन पडत असे.

१९५१ साली सालाझारने एक शाब्दिक चमत्कार केला. वसाहत हा शब्दच कायद्यातून काढून टाकला आणि गोवा असो वा मोझांबिक, ते पोर्तुगालचे ‘सागरापलीकडील प्रांत’ आहेत, असे जाहीर केले. प्रांताला स्वातंत्र्य कशाला हवे, असा त्यामागील युक्तिवाद होता. परंतु या तथाकथित प्रांतात आफ्रिकी माणूस १९६१ पर्यंत कायद्याने नागरिकच नव्हता. पोर्तुगीज भाषा, पोशाख आणि रीत उचलून जो ‘आत्मसात’ झाल्याचे सिद्ध करी, त्यालाच नागरिकत्व मिळे, आणि असे लोक शेकड्यात एकही नव्हते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा त्याचा राग मोझांबिकमधील भारतीय नागरिकांवर निघाला. त्यांना छावण्यांत कोंडले, त्यांच्या मालमत्ता गोठविल्या आणि त्यांना देशाबाहेर घालविले. एकाच सत्तेच्या दोन मुलखांचे दैव असे एकमेकांत गुंतले होते.

तथापि गोव्याची सुटका झाल्यावरही मोझांबिकला आणखी तेरा वर्षे झुंजावे लागले. १६ जून १९६० रोजी उत्तरेतील मुएदा येथे गाऱ्हाणे घेऊन जमलेल्या जमावावर गोळीबार झाला होता. अर्जविनंत्यांनी काही साधणार नाही, हे त्या दिवशी पुष्कळांना उमगले. २५ जून १९६२ रोजी दार-ए-सलाम येथे तीन संघटना एकत्र येऊन फ्रेलिमो ही मुक्तिसंघटना स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एदुआर्दो मोंदलाने हे समाजशास्त्राचे विद्वान होते. अमेरिकेत अध्यापन आणि संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करून ते परतले होते. २५ सप्टेंबर १९६४ रोजी सशस्त्र लढा सुरू झाला. ३ फेब्रुवारी १९६९ रोजी टपालाने आलेल्या ग्रंथाच्या पुडक्यात दडविलेल्या बॉम्बने मोंदलाने यांचा बळी घेतला. त्यांच्यानंतर नेतृत्व समोरा माशेल यांच्याकडे आले. पेशाने ते रुग्णालयातील परिचारक होते. डिसेंबर १९७२ मध्ये तेते प्रांतातील विरियामू येथे पोर्तुगीज सैन्याने गावकऱ्यांची कत्तल केली आणि पुढील वर्षी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राने ती जगापुढे आणली. अखेर आफ्रिकेतील लढायांना पोर्तुगालचेच सैन्य विटले. २५ एप्रिल १९७४ रोजी त्याने लिस्बनमधील हुकूमशाही उलथून टाकली. सप्टेंबरात लुसाका येथे करार झाला आणि २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला.

सद्गृहस्थहो, आता या कहाणीचा सर्वांत अवघड भाग येतो. परकीय सत्तेचा जुलूम सांगणे सोपे असते. स्वकीयांचा हिशेब मांडताना जीभ अडखळते.

नव्या सरकारच्या हाती काय आले होते, हे आधी पाहिले पाहिजे. दहांपैकी नऊ माणसे निरक्षर होती. सुमारे दोन लाख पोर्तुगीज रहिवासी देश सोडून गेले आणि जाताना कोणी यंत्रे मोडली, कोणी गुरे मारली. डॉक्टर उरले नाहीत, आगगाडी चालविणारे उरले नाहीत, हिशेब लिहिणारे उरले नाहीत. अशा स्थितीत माशेल सरकारने गावोगाव लस टोचविली, शाळांतील मुलांची संख्या थोड्या वर्षांत दुप्पट केली आणि दवाखाने सामान्यांना खुले केले. ही कामगिरी लहान नव्हे, आणि तिची कदर जगाने केली.

परंतु हेच सरकार दुसऱ्या हाताने काय करीत होते? १९७७ मध्ये फ्रेलिमोने मार्क्स-लेनिनचा पंथ अधिकृतपणे स्वीकारला. दुसऱ्या पक्षाला जागा उरली नाही. विखुरलेल्या वस्त्यांतील शेतकऱ्यांना सामुदायिक गावांत हलविण्यात आले. कोणी राजीखुशीने गेले, पुष्कळांना जावे लागले. गावचे परंपरागत मुखिये पोर्तुगिजांचे हस्तक म्हणून दूर सारले गेले, आणि पूर्वजांच्या पूजा-अर्चा अंधश्रद्धा म्हणून हिणवल्या गेल्या. १९८३ मध्ये शहरांतील ‘बेकार’ माणसे पकडून दूरच्या न्यासा प्रांतात शेतीसाठी पाठविण्याची मोहीम निघाली. ज्याच्या खिशात योग्य कागद नाही, तो बेकार, असा तिचा खाक्या होता. शिबालोची आठवण ज्यांच्या पाठीवर ताजी होती, त्यांना यात फरक कोणता दिसला असेल?

भाषेचेही तसेच झाले. राष्ट्र एक राहावे म्हणून पोर्तुगीज हीच एकमेव राजभाषा ठरविण्यात आली. सर्वांत अधिक लोक माकुआ बोलत, तथापि तिला शाळेत आणि कचेरीत स्थान नव्हते. राष्ट्रैक्याचा हेतू प्रामाणिक होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या भाषेत आई बोलते, त्या भाषेत सरकार बोलत नाही, तेव्हा सरकार परके वाटू लागते. मातृभाषेतून प्रारंभीचे शिक्षण देण्याचा मार्ग सरकारी शाळांत खुला होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

या असंतोषावर बाहेरच्यांनी तेल ओतले. शेजारच्या ऱ्होडेशियात मूठभर गोऱ्यांचे बेकायदा सरकार होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्बंधांना मान देऊन मोझांबिकने मार्च १९७६ मध्ये त्याच्याशी असलेली सरहद्द बंद केली आणि तेथील स्वातंत्र्यसैनिकांना आश्रय दिला. बंदराचे आणि रेल्वेचे उत्पन्न त्यापायी बुडाले. ऱ्होडेशियाच्या गुप्तहेर खात्याने प्रत्युत्तर म्हणून एक बंडखोर दल उभे केले. तेच रेनामो. १९८० मध्ये ऱ्होडेशियाचे झिंबाब्वे झाले, तेव्हा हे दल दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने दत्तक घेतले. १६ मार्च १९८४ रोजी न्कोमाती येथे दक्षिण आफ्रिकेने मदत थांबविण्याचे वचन दिले, आणि ते पाळले नाही.

मग रेनामो केवळ परक्यांचे बाहुले होते काय? फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तियां जेफ्रे यांनी नांपुला प्रांतातील एराती भागात जाऊन याचा शोध घेतला. गावाबाहेर ढकललेले मुखिये आणि घरादारातून हलविलेले शेतकरी तेथे बंडखोरांकडे वळले होते. आग परक्यांनी लावली हे खरे, पण पेंढा घरातच वाळत पडला होता. रेनामोचे वर्तनही सुटकेचे नव्हते. त्यांनी शाळा जाळल्या, दवाखाने मोडले, कोवळ्या मुलांना पळवून नेऊन त्यांच्या हाती बंदुका दिल्या. जुलै १९८७ मध्ये होमोइने गावात चारशेहून अधिक माणसे मारली गेली आणि सरकारने त्याचा दोष रेनामोवर ठेवला. युद्ध आणि त्याच्या जोडीने आलेला दुष्काळ यांत मिळून सुमारे दहा लाख जीव गेल्याचा अंदाज आहे. सतरा लाखांच्या आसपास लोक शेजारच्या देशांत निर्वासित झाले.

या काळातील एका गोमंतकीयाचे नाव घेतल्याविना पुढे जाता येत नाही. बारदेशात १९२४ साली जन्मलेले आकिनो द ब्रागांसा पोर्तुगीज साम्राज्याविरुद्धच्या लढ्यात आफ्रिकी नेत्यांचे सहकारी झाले आणि स्वतंत्र मोझांबिकमध्ये विद्यापीठाच्या आफ्रिकी अभ्यासकेंद्राचे संचालक झाले. १९८२ मध्ये त्याच केंद्रात आलेल्या टपालबॉम्बने त्यांच्या सहकारी रूथ फर्स्ट मारल्या गेल्या. ब्रागांसा जखमी होऊन वाचले. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी अध्यक्ष माशेल यांचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनी येथे कोसळले. त्या विमानात ब्रागांसाही होते. दोघेही गेले. त्या अपघातामागील सत्याविषयी आजही एकमत नाही.

माशेल यांच्यानंतर जोआकिम शिसानो अध्यक्ष झाले. रणात जय कोणालाच मिळत नाही, हे त्यांनी ओळखले. १९८९ मध्ये पक्षाने मार्क्स-लेनिनचा पंथ सोडला, १९९० च्या घटनेने अनेक पक्षांना वाट दिली, आणि रोममध्ये सांत’एजिदियो या कॅथलिक संस्थेच्या घरी वाटाघाटी सुरू झाल्या. दोन वर्षांहून अधिक काळ त्या चालल्या. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी शिसानो आणि रेनामोचे नेते अफोन्सो धलाकामा यांनी करारावर सह्या केल्या. संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना आली. तिच्यात भारतीय तुकड्याही होत्या. बंदुका खाली ठेवणाऱ्यांना दोन वर्षांचे वेतन देण्यात आले आणि बंडखोरांचा राजकीय पक्ष व्हावा म्हणून विशेष निधी उभा केला गेला. ऑक्टोबर १९९४ च्या निवडणुकीत फ्रेलिमोला संसदेतील २५० पैकी १२९ जागा मिळाल्या, रेनामोला ११२. पराभूतांनी निकाल मान्य केला.

तरी शांततेचे खरे काम खेड्यांत झाले. लढून आलेला तरुण गावात परतला, की वडीलधारी माणसे त्याला पूर्वजांपुढे उभे करीत, त्याच्यावर शुद्धीचे संस्कार करीत, आणि मग तो पुन्हा कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी भाऊ होई. ज्या विधींना सरकारने अंधश्रद्धा म्हटले होते, त्यांनीच माणसे परत जोडली. ख्रिस्ती मंडळींच्या परिषदेने १९९५ मध्ये एक योजना काढली. बंदूक आणून द्यावी, बदल्यात शिवणयंत्र, सायकल किंवा कुदळ न्यावी. जमिनीत पेरलेले सुरुंग वेचण्यास मात्र दोन दशकांहून अधिक काळ लागला. २०१५ मध्ये देश सुरुंगमुक्त जाहीर झाला.

येथे कहाणी संपली असती, तर ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हणून आपण उठलो असतो. परंतु ज्यांनी देश स्वतंत्र केला, त्यांना देश आपल्याच मालकीचा वाटू लागला. १९७५ पासून आजपर्यंत सत्ता एकाच पक्षाच्या हाती आहे. १९९९ ची निवडणूक अटीतटीची झाली आणि रेनामोने निकाल नाकारला. नोव्हेंबर २००० मध्ये निदर्शनांनंतर मोंतेपुएझ येथील कोठडीत दाटीवाटीने कोंडलेली कित्येक माणसे गुदमरून मेली. त्याच महिन्यात बँकेतील अफरातफरीचा माग काढणारा निर्भीड पत्रकार कार्लुश कार्दोझो मापुतोच्या रस्त्यावर मारला गेला. २०१३ मध्ये रेनामोने पुन्हा शस्त्र उचलले, आणि शेवटचा शांतता करार होण्यास ऑगस्ट २०१९ उजाडला.

मधल्या काळात देशाला लक्ष्मी भेटावयास आली. २०१० च्या सुमारास उत्तरेच्या समुद्रात नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडले. आपल्या सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांचाही त्यांत वाटा आहे. वायू अजून समुद्राच्या तळाशीच होता, तोच त्याच्या भरवशावर २०१३ आणि २०१४ मध्ये सुमारे दोन अब्ज डॉलरचे कर्ज काढण्यात आले. कारण काय? मासेमारीच्या बोटी आणि किनाऱ्याचे रक्षण. त्यातील बहुतांश कर्ज संसदेपासूनही लपविले गेले. २०१६ मध्ये ते उघड होताच मदत देणाऱ्यांनी हात आखडले, चलन घसरले आणि महागाई गरिबाच्या चुलीपर्यंत आली. तत्कालीन अर्थमंत्री मानुएल शांग यांना पुढे न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरविले. फेडीचा बोजा मात्र ज्यांनी ती बोट कधी पाहिली नाही, त्यांच्या माथी आला.

आणि वायूचा हा प्रांत कोणता? काबो देल्गादो. जेथे मुएदाचा गोळीबार झाला, जेथे मुक्तिलढ्याची पहिली गोळी झाडली गेली, तोच हा प्रांत. मोंतेपुएझची कोठडीही याच प्रांतातली. तेथे माणकांच्या खाणी निघाल्या आणि स्थानिक खोदकऱ्यांना हाकलण्यात आले. ५ ऑक्टोबर २०१७ रोजी मोसिंबोआ द प्राया गावातील पोलीस ठाण्यांवर हल्ले झाले आणि धर्माच्या नावाने एक निर्घृण बंड सुरू झाले. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला, वायूचे काम बंद पडले, आणि सरकारला रवांडाचे सैन्य बोलवावे लागले. हजारो माणसे मेली, लाखो बेघर झाली. बंडखोरांच्या क्रौर्याला क्षमा नाही. परंतु पन्नास वर्षे राजधानी ज्या प्रांताकडे पाठ करून बसली, तेथील बेकार पोर कोणाच्या हाती लागावे, हा प्रश्न राजधानीला विचारलाच पाहिजे. मापुतो देशाच्या दक्षिण टोकाला आहे आणि काबो देल्गादो उत्तर टोकाला. मैलांनी मोजता येते त्याहून हे अंतर मोठे आहे.

ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर तरुण रस्त्यावर उतरले. निकाल खोटा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. गोळीबार झाले, आणि नागरी संघटनांच्या मोजणीप्रमाणे तीनशेहून अधिक माणसे दगावली. जानेवारी २०२५ मध्ये दानिएल शापो अध्यक्ष झाले. स्वातंत्र्यानंतर जन्मलेला हा पहिला अध्यक्ष. ज्यांनी निदर्शने केली, तेही बहुतेक स्वातंत्र्यानंतरच जन्मलेले. मुक्तिलढ्याची पुण्याई आम्हांला किती काळ दाखविणार, हा त्यांचा सवाल होता.

बंधुभगिनींनो, या इतिहासातून निष्कर्ष काढताना घाई करू नये. आफ्रिकेला राज्य करता येत नाही, असे म्हणणारे गोरे पंडित पुष्कळ होते. त्यांच्या पंगतीला आपण बसू नये. ज्या देशाला निरक्षरता, कंपन्यांचे राज्य आणि दोन शत्रू शेजारी वारसाहक्काने मिळाले, त्याने शाळा उभारल्या, युद्ध मिटविले आणि वैऱ्यांना संसदेत आणून बसविले, हे विसरता येणार नाही. परंतु दुसरीही गोष्ट तितकीच खरी आहे. कंपनीने शेतकऱ्याला न विचारता कापूस पेरावयास लावला, क्रांतिकारकांनी त्याला न विचारता गाव हलविले, आणि निवडून आलेल्यांनी त्याला न विचारता त्याच्या नावावर कर्ज काढले. राज्ये तीन झाली, रीत एकच राहिली. ज्या थोड्या वेळी रयतेचे म्हणणे ऐकले गेले, त्या वेळी, म्हणजे रोमच्या करारानंतर खेड्यापाड्यांत, तेथे शांतता नांदली.

मुक्ती म्हणजे धनी बदलणे नव्हे. ज्याच्या जमिनीवर, ज्याच्या भाषेत आणि ज्याच्या घामावर राज्य उभे राहते, त्याला त्या राज्याने विचारणे, हा मुक्तीचा अर्थ आहे. मोझांबिकचे तरुण आज तोच अर्थ आपल्या राज्यकर्त्यांकडे मागत आहेत. एके काळी गोव्याच्या सोबतीने एकाच बेडीत अडकलेल्या या देशाला तो लवकर लाभो, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.